स्टॉपहॅमचा पूल कागदावर : प्रकल्प नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

इंग्लंडातल्या आमच्या क्रॉलीहून पुलबरोला थेट गाडी जाते, हे इथे तीन वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं. स्टेशनातून बाहेर पडायचं, रस्त्याच्या कडेने पश्चिमेकडे वीसेक मिनिटं चालायचं, की स्टॉपहॅमचा पूल. नदीच्या नावाचं स्पेलिंग आपल्या ‘अरुण’सारखं. इथली माणसं ‘ॲरन’ म्हणतात. मी या वहीत अरुणच लिहिणार.

पूल १४२२-२३ मधला. सात कमानी, सहा बुटक्या आणि मधली डोकं वर काढून उभी. ती मधली मूळची नाही. १८२२ मध्ये होड्या जाव्यात म्हणून उंच केली. कमानींमधल्या खांबांना पाणी कापणारी नाकं आहेत, होडीच्या नाळेसारखी. वर पुलाच्या कठड्याला त्या नाकांवरच कोपरे काढलेत, म्हणजे समोरून गाडी आली की पायी माणसाने आत सरकावं. १९८६ मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि ए २८३ रस्त्याची सगळी वाहतूक तिकडे गेली. आता या कोपऱ्यांत फक्त माझ्यासारखे वही घेऊन उभे राहणारे.

काम ठरवलं ते असं : पुलाची एक बाजू, दगडन् दगड, १:५० प्रमाणात, पेन्सिलने आणि मग शाईने. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला द्यायचं नाही. ऑफिसात दिवसभर सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे काढते. जमिनीखालची ती वस्तू मी कधी पाहिलेली नसते. एकदा तरी समोर दिसणारी वस्तू काढावी, एवढंच.

आज फक्त बघितलं. पाच पानं कच्ची चित्रं. चौथ्या पानापर्यंत मी सगळ्या कमानी सारख्याच काढत होते, मग लक्षात आलं की एकही दुसरीसारखी नाही.

रविवार, ६ एप्रिल

नियम वाचून काढले, कारण मोजताना कुणी हटकलं तर उत्तर हवं.

हा पूल अनुसूचित स्मारक आहे. १९७९ च्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकाला हात लावायचा, म्हणजे दुरुस्ती, भर घालणं, काढून टाकणं, यातलं काहीही करायचं तर आधी मंत्र्यांची लेखी संमती लागते, आणि मंत्र्यांना सल्ला हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था देते. संमतीशिवाय केलं तर गुन्हा. मेटल डिटेक्टर फिरवायलाही परवाना. बघायला, फोटो काढायला, सार्वजनिक वाटेवरून चित्र काढायला काही लागत नाही.

स्वतःसाठी नियम केला : खिळा नाही, खडू नाही, चिकटपट्टी नाही, दगडाला पट्टी टेकवायचीही नाही. दुसऱ्या खांबाच्या सांध्यात फर्न उगवलंय, नेमकं जिथे मला तीन दगडांची सीमा बघायची आहे तिथे. हात शिवशिवले. तसंच ठेवलं. चित्रात फर्न येईल.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. अण्णा महाडचे, आयुष्यभर गवंडीकाम केलं, आता गुडघे गेलेत. त्यांना फर्नचं सांगितलं तर म्हणाले, “उपटायचं की. मूळ जाडं झालं की चिरा फोडतं.” मी म्हटलं, अण्णा, इथे उपटलं तर पोलीस येतील. त्यावर बराच वेळ हसले.

शनिवार, १२ एप्रिल

४१२ फोटो. फोनवर, एकावर एक चढतील असे. बेत असा की फोटोंवरून संगणक त्रिमितीय नमुना करेल आणि मी त्यावरून आरामात रेषा ओढेन. उन्हात पाणी चमकत होतं. तेव्हा ते छान वाटलं होतं.

मंगळवार, १५ एप्रिल

रात्रभर लॅपटॉप चालला. पंखा असा ओरडत होता की नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. सकाळी नमुना तयार, आणि त्यात सहा कमानी.

आधी वाटलं मीच चुकीचं मोजतेय. पुन्हा मोजल्या. सहाच. सॉफ्टवेअर फोटोंमधल्या खुणा एकमेकांशी जुळवतं. दोन शेजारच्या कमानींचा काळा पोकळ भाग, वरची कठड्याची ओळ, खालची हिरवी शेवाळाची रेघ, हे सगळं त्याला एकच वाटलं, आणि त्याने दोन कमानी एकावर एक ठेवून दिल्या. शिवाय पाण्यातल्या प्रतिबिंबालाही त्याने दगडच समजून नदीच्या खाली उलटा पूल बांधला. दिसायला सुंदर होतं, खोटं नाही सांगत.

दोन धडे. ढगाळ दिवशी जायचं. आणि प्रत्येक कमानीजवळ काहीतरी वेगळं दिसेल असं ठेवायचं, पण पुलाला न लावता. लेक म्हणाला, “मीच उभा राहतो, दर वेळी वेगळी टोपी घालून.” वय नऊ. कल्पना माझ्यापेक्षा बरी.

शनिवार, ३ मे

ढगाळ. लेक, पाच टोप्या, आणि एक मीटरची लाकडी पट्टी, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे मीच रंगवलेले. जिथे काठावरून जवळ जाता येतं तिथे तो पट्टी धरून उभा, बाकीच्या कमानी लांबून, पट्टीवरून थरांची उंची काढून.

सगळं बरं चाललं होतं, पण बाराच्या सुमाराला बघते तर पहिल्या कमानीखाली सकाळी दिसत असलेला दगडांचा एक थर गायब. मला वाटलं मी जागा बदलली. जागा तीच होती. पाणी चढलं होतं.

नदी इथे भरती-ओहोटीची आहे! समुद्र लिटलहॅम्प्टनला, आणि भरतीचं पाणी या पुलाच्याही वर, पॅलिंगहॅमपर्यंत येतं. गाई चरताहेत, बाजूला कुरण, आणि पाणी मात्र खाडीसारखं वागतं. सावित्रीच्या खाडीवर वाढलेल्या बाईला हे उशिरा कळावं याची लाज वाटली. आमच्याकडेही बाणकोटहून आत येणाऱ्या भरतीवर महाडपर्यंत पडाव यायचे. भरतीचं वेळापत्रक आजीला तोंडपाठ होतं.

म्हणजे सकाळचे आणि दुपारचे फोटो एकत्र चालणार नाहीत, पाण्याची रेघ वेगळी. यापुढे लिटलहॅम्प्टनची वेळ बघायची, आणि इथे पाणी त्यानंतर बऱ्याच उशिरा चढतं हे धरून निघायचं.

एक म्हाताऱ्या बाई कुत्रा घेऊन थांबल्या, वहीत डोकावल्या, म्हणाल्या की त्या लहान असताना याच पुलावरून बस जायची आणि बसमधल्या सगळ्यांचा श्वास थांबायचा. कठड्याकडे बघितलं. खरं असणार.

रविवार, ४ मे

अण्णांना फोटो पाठवले होते. त्यांचा फोन. माझी अपेक्षा होती की कमानींचं कौतुक होईल. ते म्हणाले, “बाय, वरचं सगळं झकास. पाय कुठायत?”

मी म्हटलं, अण्णा, पाय पाण्यात आहेत.

“तेच विचारतोय. पाण्यात किती, आणि खाली काय?”

मला सांगता आलं नाही. त्या काळी नदीत खांब उभा करायचा तर सहसा लाकडी मेखा चिखलात ठोकायच्या, त्यांच्यामध्ये दगड-धोंडे भरायचे आणि त्यावर घडीव काम सुरू करायचं. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं तर शेकडो वर्षं कुजत नाही. ओलं-कोरडं होत राहिलं की कुजतं. एवढं पुस्तकी मी सांगितलं. अण्णा ‘हं’ म्हणाले. त्यांच्या ‘हं’चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे : पुन्हा जाऊन बघ.

शनिवार, १४ जून

नवा नमुना चांगला झाला, सात कमानी, पाच टोप्या, सगळं जागेवर. पण त्यावरून थेट रेषा ओढणं सोडून दिलं. पडद्यावर दगडाची कड मोठी करत गेलं की ती विरघळते, आणि मग मी अंदाजाने ओढते. अंदाजाने ओढायचं तर नदीकाठी बसूनच ओढावं. नमुना फक्त मापांसाठी.

कागद टेबलावर मावला नाही, बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरला. जेवायला सगळे भिंतीला चिकटून चालतात.

पहिली कमान पूर्ण. कमानीच्या कडेचे दगड पाचरीच्या आकाराचे, वर रुंद, खाली अरुंद. लेकाने विचारलं, हे पडत का नाहीत, खाली तर काहीच नाही. माझ्या गळ्यातली साखळी काढून दोन बोटांत धरली, मधे लोंबू दिली. म्हटलं, आता ही ओढली जातेय ना? प्रत्येक कडी शेजारच्या कडीला ओढतेय. फोनवर तिचा फोटो काढला आणि उलटा केला. आता प्रत्येक कडी शेजारच्या कडीला दाबतेय. तीच कमान. रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये हे ओळखलं होतं, आणि दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून लॅटिनमधल्या अक्षरांची उलटापालट करून छापलं होतं. स्टॉपहॅमचे गवंडी त्याच्या अडीचशे वर्षं आधीचे. त्यांना गणित माहीत नव्हतं, आकार माहीत होता.

लेकाने साखळी घेतली आणि प्रत्येक कमानीच्या फोटोवर धरून बघितली. तिसऱ्या कमानीला जमलं नाही म्हणून “ही चुकलीये” असं जाहीर केलं. चुकलेली नाही. कमानीचा आकार साखळीसारखाच हवा असं नाही. साखळीची उलटी रेघ दगडांच्या जाडीच्या आत कुठेतरी मावली की झालं. म्हणून जाड कमान जुनी होते, थोडी वाकते, फटी पडतात, तरी उभी राहते. रेघ अजून आतच असते.

बुधवार, १८ जून

शाईचं पेन फुटलं. पहिल्या कमानीवर डाग. ब्लेडने खरवडला. आता त्या जागी दगड जरा जास्तच झिजलेला दिसतो. राहू दे.

रविवार, ६ जुलै

आषाढी. साबुदाणा भिजत घालून सकाळच्या गाडीने एकटीच गेले, ओहोटी साधली. काठावर डबा खाल्ला. दुसरी आणि तिसरी कमान झाली. ४६ दगड एका बैठकीत, आत्तापर्यंतचा उच्चांक. पाणी उतरलं तेव्हा खांबांच्या नाकांवर तीन पट्टे स्वच्छ दिसले : वर फिकट कोरडा दगड, मधे हिरवा शेवाळाचा, खाली काळपट चिखलाचा. हे पट्टे रंगवायचे नाहीत, पण कुठे संपतात ते टिंबांनी दाखवलं.

शनिवार, १२ जुलै

आज मधल्या कमानीला हात घातला आणि अडकले.

आधी तिची गोष्ट. रॉदर नदी या पुलाजवळच अरुणला मिळते. अठराव्या शतकाच्या शेवटी दोन्ही नद्यांवर जलमार्ग झाले. मग १८१६ मध्ये वे आणि अरुण या दोन नद्यांना जोडणारा कालवा उघडला, म्हणजे थेम्सपासून लिटलहॅम्प्टनपर्यंत आतल्या आत पाण्याची वाट झाली. पुढे पोर्ट्समथपर्यंत जोडायचं कामही त्यानंतर सुरू झालं. नेपोलियनच्या लढायांत बाहेरच्या समुद्रात फ्रेंच जहाजांची भीती असायची, त्यातून आलेलं हे डोकं. पण कालवे होईपर्यंत लढाई संपून गेली होती. तरी माल चालायला लागला आणि चारशे वर्षांचा बुटका पूल आडवा आला. १८२२ मध्ये मधली कमान उंच केली.

म्हणून पुलाच्या मध्यावर रस्त्याला कुबड आहे. पायी चढतानाही पोटऱ्यांना कळतं.

पुलबरोला १८५९ मध्ये रेल्वे आली. कालवा १८७१ मध्ये बंद झाला. ज्या पडावांसाठी कमान उचलली ते पन्नासेक वर्षांत गेले, आणि कमान तशीच.

आता माझी अडचण. १४२३ चं काम कुठे संपतं आणि १८२२ चं कुठे सुरू होतं? लांबून बघितलं तर सगळं उघड आहे, उंची वेगळी, ठेवण वेगळी. जवळ जाऊन रेघ ओढायची म्हटलं की नाही कळत. मधल्या दोन खांबांच्या माथ्यावरचे दगड मला जुने वाटतात. दहा मिनिटांनी नवे वाटतात. उंच करताना त्यांनी जुनेच दगड उतरवून, पुन्हा घडवून लावले असतील तर? कुठलाही शहाणा गवंडी तेच करेल, आयता माल कोण टाकतो. नकाशात ‘अंदाजे’ असा शब्द लिहिता येतो, पण रेषा एकतर इथे असते नाहीतर तिथे.

तीनदा काढलं, तीनदा खोडलं. शेवटी सांधे जसे दिसतात तसे काढले आणि जुनं-नवं ठरवणारी जाड रेघ ओढलीच नाही.

एक गोष्ट मात्र मनात बसली. १८२२ ची ही कमान चुन्यात बांधलेली असावी, आजचं सिमेंट तेव्हा नव्हतंच. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने घेतलं ते १८२४ मध्ये. दोन वर्षांनी वाचली. चुना मऊ असतो, पाणी पितो आणि सोडतो, पूल जरा हलला तर सोबत हलतो. नंतरच्या काळात जुन्या दगडकामाच्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरायची सगळीकडे चाल पडली. सिमेंट कडक, पाणी सांध्यातून बाहेर पडेना, मग ते दगडातून पडतं आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा दगड आत गेलेला, असं कुठल्याही जुन्या भिंतीवर बघायला मिळतं. सांधा झिजायचा, दगड टिकायचा, असं ठरलेलं असतं. सिमेंटने ते उलटं होतं.

अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “आमच्या म्हाताऱ्याने चुन्याची घाणी बघितली होती. बैल फिरायचा. मी उभ्या आयुष्यात चुना कालवला तो फक्त घराला लावायला.” मग जरा थांबून, “मी पण भरल्यात दरजा सिमेंटने. देवळाच्या. सांगितलं तसं केलं.”

मी काही बोलले नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

आज जायचं नव्हतं. गेले.

नऊ वर्षं झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी आणि आणखी गाड्या अंधारात सरळ पुढे गेल्या, जिथे पूल होता तिथे. मी तेव्हा पुण्यात होते. अण्णांचा सकाळी फोन आला, “आपला पूल गेला.” अण्णा त्या पुलावरून सायकलने, एसटीने, सिमेंटच्या ट्रकमधून, किती वेळा गेले असतील त्याची गणती नाही.

आज स्टॉपहॅमच्या कठड्याच्या कोपऱ्यात उभी राहून नव्या पुलावरच्या गाड्या बघत होते आणि एकदम आठवलं : महाडलाही दोन पूल शेजारी-शेजारी होते. एक जुना, एक नवा. जुन्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या जायच्या, नव्यावरून गोव्याकडे. इथे जुन्याला पेन्शन मिळाली.

मे महिन्यापासून अण्णांचं ‘पाय कुठायत’ डोक्यात होतं, ते आज नीट लिहून काढते, कारण ते मला माझ्याच कामाच्या भाषेत कळायला इतका वेळ लागला.

पुरात दगडी पूल वरच्या ओझ्याने क्वचित जातो. खांब नदीची वाट अरुंद करतात, म्हणून पाणी त्यांच्यामधून जोरात जातं. खांबाच्या नाकावर आदळलेलं पाणी खाली वळतं, तळाशी भोवरा होतो आणि तो खांबाच्या पायाशी खड्डा खणत राहतो. कमानी वरून ठणठणीत दिसत असतात. खड्डा पायाच्या खाली शिरला की खांब एका बाजूला बसतो, आणि दगडी कमानीत एक खांब गेला की शेजारच्या दोन कमानींना टेकायला काही उरत नाही. सगळ्यात लबाड गोष्ट पुढे आहे : पूर ओसरताना वाहून आलेली वाळू आणि गाळ तो खड्डा पुन्हा भरून टाकतात. पाणी स्वच्छ झाल्यावर बघायला गेलात तर तळ सपाट. पण तो गाळ भुसभुशीत असतो, पुढच्या पुरात पहिल्या तासाला निघून जातो.

इंग्लंडातही हे होतं. कंब्रियात २० नोव्हेंबर २००९ ला वर्किंग्टनचा नॉर्थसाइड पूल पुरात गेला. त्यावर गाड्या अडवायला उभा असलेला पोलीस त्याच्यासोबत गेला. ६ डिसेंबर २०१५ ला पूली ब्रिज गावाचा १७६४ चा तीन कमानींचा पूल गेला. त्याच महिन्यात, २९ तारखेला, टॅडकास्टरचा वॉर्फ नदीवरचा पूल अर्धा कोसळला. पाणी बघून आधीच बंद केला होता म्हणून कुणी दगावलं नाही.

महाडचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. अण्णा बघायला गेले होते. म्हणाले, “चांगला आहे. पाय खोल घेतलेत.”

आज दगड एकही काढला नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

कठडा. कंटाळवाणा भाग, सपाट चिरे, एकामागे एक. पण दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या रणगाड्यांनी या पुलाचं नुकसान केलं आणि नंतर दुरुस्ती झाली, हे माहीत असल्यामुळे प्रत्येक चिऱ्याकडे संशयाने बघितलं. या जिल्ह्याची वाट किनाऱ्याकडे जाते, तेव्हा रणगाडे येणारच. आणि पंधराव्या शतकातल्या माणसाने बैलगाडी धरून ठेवलेल्या रुंदीत रणगाडा वळवायचा म्हणजे कुठेतरी घासणारच.

गंमत अशी की दगडी कमानीवरून किती वजन जाईल हे पटकन काढायची जी पद्धत इंग्लंडातले इंजिनिअर अजून वापरतात, मेक्सी, ती युद्धातूनच आली. नाव लष्कराच्या एका संशोधन केंद्राच्या आद्याक्षरांवरून. पिपर्ड नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात कमानींवर केलेलं काम हाताशी होतं. लष्कराला हवं होतं की अधिकाऱ्याने पुलाशी उभं राहून गाळ्याची रुंदी, कमानीची उंची, जाडी मोजावी आणि रणगाडा न्यायचा की नाही ते तिथेच ठरवावं. कमानीला अवस्थेप्रमाणे गुण द्यायचे, भेगा किती, सांधे कसे. मी सहज पहिल्या कमानीला गुण द्यायला बसले. मास्तरीणबाईंसारखं वाटलं, सोडून दिलं. आणि त्या सूत्रात पायाखालच्या खड्ड्याला जागाच नाही. रणगाडा दोन मिनिटांत पार होतो, त्याला पुराशी काय देणंघेणं.

रविवार, ७ सप्टेंबर

दहा दिवस गणपती. दीड दिवसाचा असतो आमचा, पण मंडळाचाही असतो, आणि मंडळात मखर मीच करणार हे गृहीत. कागद गुंडाळून कपाटावर.

आज उघडला आणि पोटात गोळा आला. पाचव्या कमानीच्या उजव्या हाताचे अकरा दगड माझ्या बाजूचे नाहीतच. फोटो चाळताना पुलाच्या दुसऱ्या बाजूचे चार फोटो या बाजूच्या गठ्ठ्यात आले होते आणि मी त्यावरून, तल्लीन होऊन, शाई लावली होती. कळलं कसं, तर फर्नमुळे नाही, टोपीमुळेही नाही. पाण्याची रेघ जुळेना. त्या फोटोंत भरती होती.

अकरा दगड खरवडून काढायला दोन तास. तिथे कागद इतका पातळ झालाय की दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

झालं. सात कमानी, सहा खांब, त्यांची नाकं, कठडा, एक फर्न. मधल्या कमानीपाशी जाड रेघ नाही. खाली सगळीकडे पाण्याची एक आडवी रेघ, ओहोटीची, तारखेसह. त्याखाली कोरा कागद.

जमिनीवर पसरून खुर्चीवर उभी राहून फोटो काढला, अण्णांना पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अर्ध्या तासाने, बोलून पाठवलेलं, मागे कुकरची शिट्टी :

“बाय, फार सुंदर काढलंस. चिऱ्यांचे सांधे फिरवलेत ना त्यांनी एकावर एक न येऊ देता, ते दिसतं. मधल्या कमानीचं तू म्हणतेस ते मलाही नाही सांगता येत. कारागीर चांगला होता. आता एक काम कर. खालून कागद जोड.”

पुन्हा ऐकलं. मग कपाटातून उरलेल्या गुंडाळीतली एक पट्टी कापली, चित्राच्या खालच्या कडेला मागून चिकटवली. अंगठ्याने दाबून धरली. पाण्याच्या रेघेखाली प्रत्येक खांबाच्या दोन्ही कडा तुटक रेषेने बोटभर खाली आणल्या आणि तिथे थांबवल्या.

नोव्हेंबरमधल्या मोठ्या ओहोटीची तारीख लिटलहॅम्प्टनच्या तक्त्यातून काढून भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल केली आहे. लेकाने शेजारी टोपी काढलीये.